हिरवं पाणी आणि १०,११२ तास

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडला. स्विमिंग पूलचं पाणी हिरवं. खाली लगेच निकालही आला, की पोट्ट्यांनी रंगलेल्या अंगानं उड्या मारल्या. अर्ध्या तासात दोन आया एकमेकींवर घसरल्या, एका काकांनी सीसीटीव्ही काढा म्हणून लिहिलं, आणि मी कोषाध्यक्ष असल्यामुळे शेवटचा प्रश्न माझ्याकडे आला. दंड किती लावायचा?

मी खाली जाऊन पाहिलं. रंग असता तर कुठे दाट, कुठे पातळ दिसला असता. हे हिरवं सगळीकडे सारखं होतं, आणि पायरीच्या कडेवरून बोट फिरवलं तर बुळबुळीत लागलं. शेवाळ होतं ते. पोरांची नावं दंडाच्या यादीतून काढली, पण डोक्यात दुसराच किडा वळवळायला लागला. आमच्या पूलला मिठापासून क्लोरीन तयार करणारं यंत्र आहे. रोज बारा तास ते चालतं. मग शेवाळ धरलंच कसं?

आमची सोसायटी नागपूरच्या बेसा भागात आहे. पूल १५ मीटर लांब, ६ मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल, म्हणजे १ लाख १२ हजार लिटर पाणी. २०२२च्या गुढीपाडव्याला, २ एप्रिलला, नारळ फोडून सुरू केला. बिल्डरच्या माहितीपत्रकात 'केमिकल-फ्री सॉल्ट वॉटर पूल' असं सोनेरी अक्षरात छापलं होतं आणि आमच्यापैकी निम्म्यांचा आजही त्यावर विश्वास आहे. सकाळच्या बॅचमधल्या एक आजी तर क्लोरीनची ॲलर्जी आहे म्हणूनच या सोसायटीत राहायला आल्या. त्यांना आता सांगायची माझी हिंमत नाही की त्या रोज क्लोरीनमध्येच पोहतात. ते बरणीतून येण्याऐवजी पाइपातच तयार होतं, एवढाच काय तो फरक.

पंपाच्या खोलीत फिल्टरच्या पुढे पारदर्शक प्लास्टिकचं हातभर लांब नळकांडं आहे. त्याला सगळे 'सेल' म्हणतात. आत टायटॅनियमच्या सात पातळ पट्ट्या उभ्या, एकमेकींपासून काही मिलिमीटरवर. पट्ट्यांवर रुथेनियम आणि इरिडियम या महागड्या धातूंच्या ऑक्साइडचा काळपट मुलामा असतो. खारं पाणी पट्ट्यांमधून जाताना वीज सोडली की एका बाजूला क्लोरीन सुटतो आणि पाण्यात विरघळतो, दुसऱ्या बाजूला हायड्रोजनचे बारीक बुडबुडे निघतात. मीठही फार लागत नाही, लिटरला साडेतीन ग्रॅमच्या आसपास. समुद्रात लिटरला ३५ ग्रॅम असतं. आपल्या डोळ्यातलं पाणीसुद्धा आमच्या पूलपेक्षा खारट.

यंत्र विकणाऱ्यानं २०२२ला मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं होतं, "सेल पाच ते सात वर्षं जातो, बघायचं काम नाही." मी ते मिनिट्समध्ये लिहून ठेवलं होतं. 'पाच ते सात वर्षं' या शब्दांनी पुढे मला पुष्कळ पळवलं.

खरं तर लक्षण जानेवारीतच दिसलं होतं. यंत्राच्या पॅनलवर 'लो सॉल्ट'चा दिवा लागला. आदल्या वर्षीच्या जानेवारीतही तो लागला होता आणि फेब्रुवारीच्या मध्यावर आपोआप विझला होता. त्याला कारण होतं. नागपूरची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही, पण जानेवारीत पारा रात्री दहाच्या खाली उतरतो आणि उघड्या पूलचं पाणी बर्फासारखं लागतं. गार पाण्यातून वीज कमी वाहते. यंत्राला मीठ चाखता येत नाही. पट्ट्यांमधून किती करंट वाहिला त्यावरून ते मिठाचा अंदाज बांधतं. करंट कमी दिसला की मीठ कमी, एवढंच त्याला ठाऊक. म्हणून या वेळीही आम्ही दिव्याकडे पाहिलं आणि म्हटलं, विझेल.

तो विझला नाही. फेब्रुवारी संपत आला, दुपारी पंखे सुरू झाले, दिवा तसाच. सर्व्हिसवाल्याला फोन केला. त्याचं उत्तर तयार होतं.

"काही नाही जी ताई, मीठ कमी पडून राहिलं. दोन पोते टाकून द्या."

पोतं पन्नास किलोचं. हे मीठ किराणा दुकानात मिळत नाही. खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला २००६पासून बंदी आहे आणि पूलला तर आयोडीन नको, गुठळ्या होऊ नयेत म्हणून घालतात ती भुकटीही नको. आम्ही इतवारीतल्या एका ठोक व्यापाऱ्याकडून कारखान्यांना जातं तसलं शुद्ध मीठ आणतो. छोट्या टेम्पोत दोन पोती आली. आमच्या पूलच्या पोऱ्यानं ती कडेकडेनं ओतली, ब्रशनं ढवळली. दोन दिवसांनी दिवा तसाच. सर्व्हिसवाला म्हणाला, "मग अजून एक टाका." तेही टाकलं. मार्च उजाडला होता. यंत्र चालू होतं, पंप चालू होता, दिवाही चालू होता. नंतर धुळवड आली.

इथे आमच्या दुसऱ्या मजल्यावरचे सर गोष्टीत येतात. कॉलेजात तीस वर्षं केमिस्ट्री शिकवून निवृत्त झालेले. ते स्वतः पोहत नाहीत, पण पूलभोवती रोज चाळीस फेऱ्या मारतात. हिरवं पाणी पाहून ते थांबले आणि मला विचारलं, "मीठ मोजलं का तुम्ही?"

"यंत्र सांगतंय ना सर, कमी आहे म्हणून."

"यंत्राला काय विचारता? आजारी माणसालाच त्याचा ताप विचारून राहिले तुम्ही. पाणी आणा बाटलीत."

सरांच्या स्वयंपाकघरात ओट्यावर, गॅसपासून लांब, त्यांनी ब्युरेट, म्हणजे मापाच्या खुणांची, खाली तोटी असलेली काचेची नळी, उभी केली. पूलचं १० मिलिलिटर पाणी एका काचेच्या चंचुपात्रात घेतलं, पोटॅशियम क्रोमेटचे दोन थेंब टाकले, पाणी लिंबासारखं पिवळं झालं. मग वरून सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबानं सोडायला लागले. प्रत्येक थेंबाला दह्यासारखा पांढरा साका तयार होत होता. सर उजव्या हातानं पात्र हलवत होते, डाव्या हातानं तोटी धरून. "आता बघा," ते म्हणाले आणि एका थेंबासरशी सगळं पिवळं जाऊन विटकरी छटा आली, आणि टिकली. ब्युरेटवर आकडा होता ८.१. काकूंनी दारातून डोकावून ओट्याला काळे डाग पडले तर बघा म्हणून बजावलं. डाग सरांच्या अंगठ्याला पडला, तो आठवडाभर होता.

हिशेब त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला केला. लिटरला ४.७४ ग्रॅम मीठ, म्हणजे ४,७४० पीपीएम, दहा लाख भागांत तितके भाग. आमच्या यंत्राला ३,४०० हवं. तीन पोती म्हणजे दीडशे किलो, त्यांनी सुमारे १,३४० वाढलं. वजाबाकी केली तर पोती टाकायच्या आधी मीठ जिथल्या तिथे होतं. आम्ही ठणठणीत पाण्याला तीन आठवडे औषध पाजत होतो.

"मग करंट कमी का?" मी विचारलं.

"पट्ट्या काढून बघा."

सर्व्हिसवाल्याला बोलवायचं मी मुद्दाम टाळलं. आमचा नेहमीचा इलेक्ट्रिशियन आला, त्यानं आधी मेन बंद केला, व्हॉल्व्ह फिरवले, दोन्ही बाजूंचे पाइपाचे जोड सैल करून नळकांडं बाहेर काढलं. तेवढ्यात त्याच्या नजरेला एक गोष्ट पडली. पाइपात पाणी वाहतंय की नाही हे पाहणाऱ्या फ्लो स्विचच्या दोन वायरी एकमेकींना पिळून टेप लावून ठेवल्या होत्या. म्हणजे पाणी थांबलं तरी यंत्र चालूच राहणार. कुणीतरी कधीतरी 'नो फ्लो'चा दिवा नको म्हणून ही जोडणी केली होती. सर पहिल्यांदाच चिडलेले पाहिले. साचलेल्या पाण्यात वीज चालू राहिली तर हायड्रोजन जाणार कुठे, तो त्या नळकांड्यातच साठणार आणि एका ठिणगीची वाट बघत बसणार. त्याच दिवशी नवा स्विच बसवला. सेलचं आयुष्य वगैरे नंतर, हे आधी. तुमच्याकडे असं यंत्र असेल तर ही वायर आजच बघा.

सेल उन्हात धरला. पट्ट्यांच्या फटी पांढऱ्या पोपड्यांनी निम्म्या बुजल्या होत्या. गिझरच्या कॉइलवर बसतो तोच थर, कॅल्शियम कार्बोनेट. हायड्रोजन निघतो त्या पट्टीजवळचं पाणी अल्कलीधर्मी होतं आणि जड पाण्यातला कॅल्शियम तिथेच बसतो. हे होऊ नये म्हणून यंत्र दर काही तासांनी धन-ऋण उलटं करतं, मग थर सुटून वाहून जातो. पण पाणी फारच जड असलं तर ते पुरत नाही. आणि ही उलटापालट फुकट नसते, प्रत्येक वेळी मुलामा थोडा झिजतो.

आमचं पाणी किती जड, हेही सरांनी मोजलं. नळाला येणारं पेंच धरणाचं पाणी १२० पीपीएम, आमच्या बोअरचं ४६०, पूलचं ७८०. मी म्हटलं, बोअरपेक्षा पूल जड कसा? सरांनी मलाच विचारलं, "मे महिन्यात रोज किती पाणी घालता?"

ते आमच्या पोऱ्याला तोंडपाठ. उन्हाळ्यात रोज टाइलची जवळजवळ अर्धं बोट पट्टी उघडी पडते, सातेकशे लिटर तरी उडून जातं. २०१३च्या मेमध्ये ४७.९ अंश पाहिलेलं हे शहर, वर कोरडा वारा. चार महिन्यांत साधारण ८४ हजार लिटर वरून घालतो, तेही सगळं बोअरचं, कारण नळाचं पाणी पिण्यापुरतं. उडून जातं ते शुद्ध पाणी. क्षार मागे राहतात. एका उन्हाळ्यात तीनशे-साडेतीनशेची भर. पावसाळ्यात पूल ओसंडून वाहतो तेव्हा त्यातलं थोडं धुऊन जातं, आणि सोबत मीठही. दर सप्टेंबरात मीठ घालावं लागायचं ते त्यामुळे.

मग ॲसिडचा कार्यक्रम झाला. गच्चीवर, वाऱ्याच्या बाजूला पाठ करून, हातमोजे आणि चष्मा घालून. प्लास्टिकच्या बादलीत आधी चार लिटर पाणी, मग त्यात एक लिटर हायड्रोक्लोरिक ॲसिड. हा क्रम उलटा करायचा नाही. सेलचं एक तोंड झाकण लावून बंद केलं, उभा धरला आणि वरून ते पाणी ओतलं. ईनो फसफसावं तसा फेस आला, नळकांड्याच्या तोंडातून वर चढला. दहा मिनिटांत फेस बसला, पोपडे गेले. धुऊन पुन्हा उन्हात धरला आणि सरांनी "हं" केलं.

सातपैकी चार पट्ट्यांच्या कडा आणि मधले मोठे पट्टे चकचकीत रुपेरी दिसत होते. तो काळा मुलामा तिथे उरलाच नव्हता. दोन पट्ट्यांवर उभे ओरखडे होते, स्क्रूड्रायव्हरनं पोपडे खरवडल्याचे. नुसतं टायटॅनियम उघडं पडलं की त्यावर लगेच स्वतःच्या ऑक्साइडची पातळ साय धरते आणि क्लोरीन सुटायचा त्या बाजूनं वीज जाणं जवळजवळ थांबतं. म्हणजे पट्टी शाबूत दिसते, वाकत नाही, तुटत नाही, फक्त काम करत नाही. सेल बसवून करंट पाहिला. यंत्र नवीन असताना पॅनलवर ६.५ अँपिअर दाखवायचं, तेव्हाच्या कागदावर लिहिलेलं होतं. धुण्याआधी १.४ होता. धुतल्यावर १.६.

हीच खरी परीक्षा, असं मला आता वाटतं. मीठ हातानं मोजलेलं बरोबर आहे, पाणी गार नाही, पट्ट्या धुतल्यात, तरी करंट वर येत नाही, तर सेल संपला. याआधी कुणी 'सेल गेला' म्हणालं तर पैसे काढू नका. आणि याआधी कुणी 'मीठ टाका' म्हणालं तर पोतंही काढू नका.

आता माझ्या प्रांतातली गोष्ट. तीन वर्षं पूर्ण व्हायला दोन आठवडे होते. वॉरंटी दोन वर्षांची होती, ती गेली. मी विकणाऱ्याला मिनिट्समधलं वाक्य वाचून दाखवलं, पाच ते सात वर्षं. तो म्हणाला, "ताई, ते वापरावर असते." किती वापरावर? ते त्याला सांगता येईना. तेव्हा रात्री जेवणं झाल्यावर मी यंत्राचं पुस्तक शेवटून वाचायला घेतलं. माझी सवय आहे, अटी नेहमी शेवटी असतात. तिथे बारीक अक्षरात होतं, सेलचं अपेक्षित आयुष्य १०,००० तास. आणि पॅनलवर दोन बटणं एकत्र पाच सेकंद दाबली की सेल किती तास चालला ते दिसतं.

सकाळी चहाही न घेता खाली गेले. बटणं दाबली. १०,११२.

सेलनं आपला शब्द पाळला होता, वर ११२ तास जादा दिले होते. चूक आमची. बारा तास पंप आणि यंत्र ८० टक्क्यांवर, हे पहिल्या दिवशी लावून दिलेलं सेटिंग आम्ही कधीच बदललं नाही. ८० टक्के म्हणजे यंत्र हळू चालतं असा माझा समज होता. तसं नसतं. आमचं यंत्र पूर्ण जोरातच चालतं, फक्त तासातली ४८ मिनिटं चालू आणि १२ मिनिटं बंद. बारा तासांत ९.६ तास. वर्षाला ३,५०४. दहा हजाराला भागा, पावणेतीन वर्षांच्या जरा वर उत्तर येतं. मधे वीज जायची तेवढे दिवस वाचले. हा भागाकार २०२२च्या मीटिंगमध्ये कुणीही केला असता. मी तर हिशेबाचीच बाई.

सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आमच्या पूलमध्ये कावळा सोडला तर कुणी उतरत नाही. आणि त्या चार महिन्यांतही रोज साडेनऊ तास सेल जळत होता. तीन हिवाळ्यांचे मिळून साडेतीन हजार तास आम्ही रिकाम्या पाण्यावर घालवले.

खातेवहीत अजून एक ओळ सापडली. 'सेल क्लीनिंग', दर महिन्याला ७५० रुपये, एकही महिना चुकलेला नाही. बिल मीच मंजूर करत होते, काहीतरी काळजी घेतली जातेय या समाधानात. सरांनी ते ऐकून कपाळाला हात लावला. ॲसिड पोपडे खातं तसं मुलाम्यालाही लागतं. दर महिन्याला धुवायचं नसतं, दर महिन्याला बघायचं असतं. पांढरं दिसलं तर धुवा, नाहीतर आहे तसा परत बसवा. आम्ही पैसे देऊन सेल झिजवून घेत होतो, वर स्क्रूड्रायव्हर त्याच पैशात.

नवीन सेल घ्यायचा तर तीन रस्ते होते. दुसऱ्या कुणी बनवलेला 'चालून जाईल' असा सेल जवळजवळ निम्म्या किमतीत मिळत होता. मी विकणाऱ्याला एकच विचारलं, किती तास? तो म्हणाला, "चांगला आहे मॅडम, पुष्कळ लोक नेऊन राहिले." तो रस्ता तिथेच संपला. दुसरा रस्ता मोठा सेल घेण्याचा. आमचा तासाला २५ ग्रॅम क्लोरीन देतो. ४० ग्रॅमचा घेतला तर तेवढंच क्लोरीन कमी तासांत निघेल आणि सेल जास्त वर्षं जाईल. नवा पूल बांधणाऱ्यांनी हेच करावं असं माझं मत आहे, सुरुवातीला पैसे जास्त जातात पण पुढे वसूल होतात. आमच्या कंट्रोलरला मात्र मोठा सेल पेलत नव्हता, सगळंच बदलावं लागलं असतं. म्हणून तिसरा रस्ता, होता तसाच मूळ सेल, करासकट ६४ हजार रुपये.

मीटिंगमध्ये अपेक्षेप्रमाणे प्रश्न आला, एवढ्या पैशात क्लोरीनच्या गोळ्या टाकल्या असत्या तर? माझी बहीण मनीषनगरात राहते, त्यांचा पूल जवळपास आमच्याएवढाच आणि गोळ्यांवर चालतो. त्यांचं वर्षाचं बिल २८ हजारांच्या घरात. आमचा सेल तीन वर्षांत गेला तर वर्षाला २१ हजारांवर पडतो, वर वीज आणि मीठ. म्हणजे बरोबरीच. मिठाचा पूल स्वस्त पडतो हे मी आता कुणाला सांगत नाही. पाणी एकसारखं राहतं, डोळे चुरचुरत नाहीत, रोज कुणाला डबा घेऊन फिरावं लागत नाही, त्यासाठी तो ठेवायचा. पाच वर्षं चालवता आला तर मात्र १३ हजारांच्या खाली येतो, आणि तिथे तो खरंच परवडतो.

सेल यायला तीन आठवडे लागले. तोवर पूल बंद. हातानं सोडियम हायपोक्लोराइट घालून, भिंती घासून, फिल्टरमधून दिवसातून दोनदा उलटं पाणी सोडून तो धुऊन चौथ्या दिवशी पाणी निवळलं. पण मीठ जास्त होतं, त्याचं काय करणार? मीठ काढायची पूड बाजारात मिळत नाही. पाणीच काढावं लागतं. २८ टक्के, म्हणजे साधारण ३२ हजार लिटर, ऐन एप्रिलच्या तोंडावर गटारात सोडलं. बागेला देता आलं असतं तर निदान मनाला बरं वाटलं असतं, पण खारं पाणी गुलमोहराला कोण घालणार. सेक्रेटरी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तीन पोती मीठ, त्याची मजुरी आणि ३२ हजार लिटर पाणी, सगळं एका दिव्यावर विश्वास ठेवला म्हणून. त्यातल्या त्यात बरं एवढंच झालं की ती भर आम्ही रात्री थोडी थोडी करून पेंचच्या नळानं घातली, आणि जडपणाचा ७८०चा आकडा ५९०वर आला.

१२ एप्रिलला नवा सेल बसला. पॅनलवर ६.४ अँपिअर. माझ्याच्यानं राहवलं नाही, मी त्याचा फोटो काढला.

आता सेटिंग महिन्यांप्रमाणे बदलतो. मार्च ते जून पंप बारा तास, यंत्र ८० टक्के. तेव्हा गर्दीही असते आणि ऊनही. आपल्या विदर्भाच्या उन्हात क्लोरीन तासाभरात निम्मं मरतं, म्हणून स्टॅबिलायझर म्हणजे सायन्युरिक ॲसिड पाण्यात ५० पीपीएमच्या आसपास ठेवतो. ते नसेल तर सेल सूर्यासाठीच क्लोरीन बनवत बसतो. जुलै ते ऑक्टोबर ५० टक्के. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पूलवर ताडपत्री, पंप सहा तास, यंत्र २५ टक्के आणि आठवड्यातून एकदा हातानं थोडं हायपोक्लोराइट. बेरीज केली तर वर्षाला २,१०० तासांच्या आत बसतं. तोच सेल, तेच दहा हजार तास, पण पावणेपाच वर्षं. विकणाऱ्याचं 'पाच ते सात' अगदीच खोटं नव्हतं म्हणायचं, त्यानं फक्त भागाकार आमच्यावर सोडला होता.

पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कलीधर्मी ते सांगणारा आकडा, आम्ही आधी बघतच नव्हतो. हायड्रोजनचे बुडबुडे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर नेतात आणि पीएच चढत जातो, आमचा ८.२पर्यंत गेला होता. तिथे पोपडे झपाट्यानं धरतात आणि क्लोरीनही लुळं पडतं. आता पोऱ्या दर दोन दिवसांनी मोजतो आणि ॲसिड पाण्यात, सेलपासून लांब, घालून ७.४च्या आसपास ठेवतो. त्याला एक दोनशेपानी वही दिली आहे. तारीख, तास, अँपिअर, पीएच आणि सरांच्या ब्युरेटचा महिन्याचा आकडा. सर म्हणतात, तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं जर्नल इतकं वेळेवर लिहिलं नाही. सेल आतापर्यंत दोनदाच धुतला, तोही प्लास्टिकच्या काडीनं, स्क्रूड्रायव्हरला पंपाच्या खोलीत बंदी आहे.

गेल्या आठवड्यात, जानेवारीची थंडी ऐन भरात असताना, मी ऑफिसला निघाले तर पोऱ्या पार्किंगमधून पंपाच्या खोलीकडे चाललेला. खांद्यावर मिठाचं पोतं.

"कुठे निघालास?"

"मॅडम, लो सॉल्टचा दिवा लागला ना."

स्कूटर तशीच स्टँडवर लावली. थर्मामीटर दोरीनं पाण्यात सोडला, दोन मिनिटांनी काढला. १६ अंश. वही उघडली, सरांचा दहा दिवसांपूर्वीचा आकडा ३,३५०. सेलचे तास १,६१०.

"ठेव ते पोतं परत," मी म्हटलं.

"अन् दिवा?"

"राहू दे."

त्यानं पोतं खाली ठेवलं, वहीत तारीख टाकली आणि अँपिअरच्या रकान्यापुढे लिहिलं, 'थंडी'.